किती इंच, किती तास?

लग्नाच्या खरेदीत चपलांचा नंबर शेवटी लागतो. शालू, ब्लाउजची शिलाई, दागिने, मेकअपवालीची तारीख हे सगळं उरकल्यावर, मुहूर्ताला आठवडा उरलेला असताना, काठाच्या जरीला जुळतील अशा सोनेरी सँडल्स शोधत दोघीतिघी लक्ष्मी रोडवर नाहीतर दादरला फिरत असतात. रंग जुळला, उंची शोभली, की जोड पिशवीत. त्याच जोडावर नवऱ्या मुलीला रिसेप्शनच्या स्टेजवर तीन-तीन तास उभं राहायचं आहे, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. बोहल्यावर आणि होमापाशी पाय अनवाणीच असतात. पायांचे हाल सुरू होतात ते संध्याकाळी, पाहुण्यांची रांग लागल्यावर.

हील्स घ्यायच्या की फ्लॅट्स, याचा निर्णय बहुतेक जणी दुकानातल्या आरशात बघून घेतात. आरसा फक्त दिसणं सांगतो. जोड किती तास पायात राहणार, त्यातले किती तास उभं राहण्यात किंवा चालण्यात जाणार आणि पायाखाली फरशी असेल, हिरवळ असेल की उखडलेले पेव्हर ब्लॉक, हे तीन प्रश्न आधी सोडवले तर निम्मी निवड आपोआप होते.

माणसाच्या एका पावलात 26 हाडं असतात. अनवाणी उभं राहिलं की शरीराचा अर्ध्याहून जास्त भार टाचेवर येतो आणि उरलेला पुढे चवड्याकडे जातो. टाच उचलली की हा हिशेब बदलतो. अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन इंची टाचेमुळे चवड्यावरचा दाब सुमारे 57 टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर टाच तीन इंचांपलीकडे गेल्यावर ही वाढ 76 टक्क्यांपर्यंत पोचली. त्यात बूट पुढे निमुळता असेल तर हा सगळा भार एकमेकांवर चढलेल्या बोटांना सोसावा लागतो. कुरूप होणं, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येणं, तिसऱ्या-चौथ्या बोटामध्ये विजेसारखी कळ जाणं या तक्रारी इथून सुरू होतात. अंगठ्याच्या हाडाला आनुवंशिकताही कारणीभूत असते. आईचा अंगठा वाकडा असेल तर मुलीने टोकदार बुटांच्या बाबतीत जरा जास्त जपावं.

गुडघ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. हार्वर्डमधल्या केसी केरिगन यांच्या चमूने 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उंच, बारीक टाचेच्या बुटांत चालताना स्त्रियांच्या गुडघ्यावर पडणारा पीळ, विशेषतः जिथे संधिवात आधी धरतो त्या भागातला, अनवाणी चालण्याच्या तुलनेत बराच वाढतो असं त्यात दिसलं. मग रुंद टाच वापरली तर? त्याच चमूने तीन वर्षांनी रुंद टाचा तपासल्या. पीळ तिथेही वाढलेलाच होता. दुकानात ‘ब्लॉक हील आहे, काही त्रास नाही’ असं सांगतात ते अर्धं खरं. ब्लॉक हीलमुळे तोल सांभाळणं सोपं जातं, घोटा मुरगळण्याची भीती कमी होते. गुडघ्याला मात्र तिचा फारसा दिलासा मिळत नाही. ज्यांचे गुडघे आधीच बोलायला लागले आहेत त्यांनी टाचेची जाडी नव्हे, उंची बघावी.

एवढं वाचून सगळ्या हील्स माळ्यावर टाकून पातळ सोलच्या बॅलेरिना किंवा सपाट स्लिपर्स घालाव्यात असं वाटेल, पण तीही घाई ठरेल. कागदासारखा पातळ तळ, आत उशीचा पत्ता नाही, कमानीला आधार नाही आणि मागे टाच धरून ठेवायला काही नाही, असा फ्लॅट दिवसभर कडक फरशीवर वापरला तर तळव्याखालचा जाड पडदा ताणला जातो. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेत खुपल्यासारखं दुखतं, मग चालता चालता कमी होतं, ही त्याची ओळखीची खूण. शाळेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका, दुकानातल्या विक्रेत्या मुली, पोळपाटापाशी दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या बायका यांच्यात ही टाचदुखी नेहमी दिसते. यातल्या पुष्कळ जणींनी आयुष्यात कधी हील घातलेली नसते. घरातल्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी उभं राहून काम करणंही यात भर घालतं. अशांनी घरात वापरायला मऊ तळाची, मागे पट्टा असलेली वेगळी चप्पल ठेवली तर फरक पडतो.

पायांचे डॉक्टर आणि चांगले बूट बनवणारे कारागीर यांचं एका मुद्द्यावर बरंचसं एकमत आहे. रोजच्या वापराला पाऊण ते दीड इंच टाच बहुतेकांना मानवते. साध्या भाषेत, दोन ते चार सेंटिमीटर. पुरुषांच्या ऑफिसच्या बुटाला साधारण इंचभर टाच असतेच आणि तिला कुणी हील म्हणत नाही. बायकांच्या दुकानात मात्र एका भिंतीवर अगदी सपाट आणि दुसऱ्या भिंतीवर चार इंची अशी मांडणी असते. मधली उंची कुठेतरी कोपऱ्यात ‘कम्फर्ट’ नावाच्या फळीवर सापडते आणि ती दिसायला हटकून बेंगरूळ असते. ही तक्रार रास्त आहे. तरी त्या फळीवर आधी नजर टाकावी, अलीकडे तिथे बरे नमुने येऊ लागले आहेत.

टाच मोजण्याचीही एक रीत आहे. सँडलची टाच चार इंच असली आणि चवड्याखाली दीड इंचाचा प्लॅटफॉर्म असला, तर पायाला जाणवणारा उतार अडीच इंचांचाच असतो. म्हणून प्लॅटफॉर्म आणि वेजेस तेवढ्याच उंचीच्या स्टिलेटोपेक्षा जास्त वेळ सहन होतात. त्यातही एक मेख आहे. जाड, कडक तळ वाकत नाही, जमीन जाणवत नाही आणि घोटा कलंडला तर जास्त उंचीवरून कलंडतो. जिने उतरताना हे ध्यानात ठेवावं.

वर्षानुवर्षं उंच टाच वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. 2010 साली ‘जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, दोन वर्षांहून अधिक काळ नियमित हील्स घालणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतले स्नायुतंतू इतरांच्या तुलनेत सुमारे 13 टक्क्यांनी आखूड झालेले आणि टाचेमागचा स्नायुबंध जास्त जाड, ताठर झालेला आढळला. अशा बाईने एका सोमवारी ठरवून एकदम सपाट चप्पल घातली की पोटरी आणि टाच दुखते, आणि ती म्हणते, ‘मला फ्लॅट्स सोसतच नाहीत.’ तिची तक्रार खोटी नसते. तिने साडेतीन इंचांवरून आधी अडीचवर, काही आठवड्यांनी दीडवर यावं. जिन्याच्या पायरीच्या काठावर चवडे टेकवून, कठडा धरून, टाचा हळूहळू खाली सोडायच्या आणि तिथे थोडं थांबायचं, हा व्यायाम रोज केला तर पोटरी पुन्हा लांबायला मदत होते.

उंच टाच मुळात चालण्यासाठी जन्मालाच आलेली नाही. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून टाचेचे बूट घालत. शाह अब्बासचे दूत सोळावं शतक संपता संपता युरोपच्या दरबारांत पोचले आणि सतराव्या शतकात तिथल्या सरदारांना त्या बुटांचं वेड लागलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्रकार रिगोने 1701 मध्ये काढलेलं भव्य चित्र पाहिलं तर राजाच्या पायात लाल टाचेचे बूट दिसतात. घोड्यावर किंवा सिंहासनावर बसणाऱ्याला उंच टाचेचा जाच नसतो. आजही हाच न्याय लावावा. बसून होणारं जेवण, नाटकाचा प्रयोग, गाडीतून उतरून थेट सभागृहात जायचा कार्यक्रम, इथे तीन इंच खुशाल घालावेत. प्रदर्शन, यात्रा, विमानतळ, मुलांच्या शाळेचं स्नेहसंमेलन, इथे नकोत.

मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलींनी या प्रश्नाचं उत्तर कधीच शोधून ठेवलं आहे. लोकलमध्ये चढताना पायात सपाट, पट्ट्याची सँडल किंवा स्नीकर्स आणि ऑफिसच्या टेबलाखाली एक हीलचा जोड कायमचा मुक्कामाला. फलाट आणि डब्याची पायरी यांच्यातलं अंतर, पुलावरची गर्दी, धक्के हे सगळं पाहता दुसरा शहाणपणाचा मार्ग नाही. या पद्धतीत एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. प्रवासाचा जोड हा सगळ्यात चांगला, सगळ्यात महाग असावा, कारण चालणं त्यातच होतं. प्रत्यक्षात उलटं घडतं. पैसे टेबलाखालच्या जोडावर खर्च होतात आणि स्टेशनपर्यंतची तंगडतोड स्टेशनबाहेरच्या स्वस्तातल्या स्लिपर्सवर.

नोकरीच्या ठिकाणी हीलची सक्ती असेल तर? जगात हा वाद बराच पुढे गेला आहे. लंडनमध्ये डिसेंबर 2015 मध्ये निकोला थॉर्प या स्वागतिकेला सपाट बूट घातले म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवण्यात आलं. दोन ते चार इंची टाच हवी असा तिथला नियम होता. तिच्या निवेदनावर दीड लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि विषय ब्रिटिश संसदेत चर्चेला आला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने 2017 मध्ये अशी सक्ती बंद केली. जपानमध्ये युमी इशिकावा यांनी 2019 मध्ये या सक्तीविरुद्ध ‘कुटू’ मोहीम चालवली आणि पुढच्या वर्षी जपान एअरलाइन्सने हवाई सुंदरींची हीलची अट काढली. आपल्याकडे 2022 मध्ये सुरू झालेल्या अकासा एअरने पहिल्यापासूनच कर्मचाऱ्यांच्या गणवेशात स्नीकर्स ठेवले. हॉटेल, शोरूम, बँकेचा काउंटर अशा ठिकाणी तासन् तास उभं राहणाऱ्या मुलींनी मनुष्यबळ विभागाकडे नीटनेटक्या, बंद, काळ्या सपाट बुटांची परवानगी लेखी मागावी. पाय दुखत असतील तर सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी.

आता साडीकडे येऊ. सहावारी साडी ज्या उंचीच्या चपलेवर नेसली त्याच उंचीला बसते. घरी अनवाणी नेसून वर तीन इंची सँडल चढवली तर साडी तेवढीच वर जाते आणि खाली घोटे उघडे पडतात. उलट प्रकार जास्त धोक्याचा. नवरी हीलवर साडी नेसते, दीड तासाने पाय भरून येतात, मैत्रीण हळूच सपाट चप्पल आणून देते आणि साडी जमिनीवर लोळायला लागते. स्टेजची पायरी उतरताना निऱ्यांत पाय अडकतो तो इथे. म्हणून रिसेप्शनसाठी दोन जोड न्यावेत, पण दुसरा जोड सपाट नसावा. पहिल्याहून फार तर इंचभर कमी असलेला, आत मऊ गादीचा वेज न्यावा. साडी नेसवणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवावं, त्या फॉल कुठे टेकवायचा ते बघून घेतात. लॉनवरचं रिसेप्शन असेल तर स्टिलेटोचा विचारही करू नये. पेन्सिलीएवढी टाच पाणी दिलेल्या हिरवळीत रुतते आणि ती उपसत चालणारी करवली व्हिडिओत कायमची राहते.

नऊवारीला हा त्रास नाही. तिचा काठ घोट्याच्या वर राहतो, चालायला मोकळीक असते आणि खाली कोल्हापुरी शोभते. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात ‘प्राडा’ या ब्रँडने अगदी तशाच चपला मॉडेल्सच्या पायांत घातल्या, मूळ कारागिरांचं नाव घेतलं नाही आणि गदारोळ झाला. तेव्हापासून शहरांतल्या मुली पुन्हा कोल्हापुरीकडे वळल्या असतील तर चांगलंच आहे. घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. खरी कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असते, खिळे मारलेली नसते. आणि नवी कोल्हापुरी चावते, याला इलाज नाही. अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली तेलाचा हात फिरवून आधी घरात तासभर, मग दोन तास असं वापरत गेलं की चामडं पायाचा आकार घेतं. तिचा तळ कडक असतो, ओल्या टाइल्सवर घसरतो आणि पावसात भिजला तर चप्पल संपली. टाचदुखी असलेल्यांनी ती समारंभापुरती ठेवावी.

उंच दिसायचं तर हीलच हवी, हा समज मात्र सोडायला हरकत नाही. पावलाचा वरचा भाग जास्त उघडा ठेवणारा, पुढे किंचित निमुळता, त्वचेच्या रंगाच्या जवळचा सपाट बूट पाय लांब दाखवतो. घोट्याभोवती गडद, रुंद पट्टा पाय मध्येच तोडतो आणि कमी उंचीच्या बाईला अधिकच बुटकं करतो. पँटची लांबी ज्या जोडासाठी शिवली त्याच जोडावर ती बरी दिसते. कुर्ती आणि सलवार एकाच रंगाची असेल तर अर्धा इंच टाचही पुरते. हील घातल्याने ताठ चालता येतं असं म्हणतात, पण सवय नसलेली मुलगी चार इंचांवर गुडघे वाकवून, पुढे झुकून चालते आणि त्यात डौल उरत नाही. ज्या उंचीवर जिना कठड्याला हात न लावता उतरता येतो, ती आपली उंची.

मधुमेह असणाऱ्यांना यातलं बरंच काही लागू नाही. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, चप्पल चावलेली कळत नाही आणि लहानशी जखम चिघळते. त्यांनी उंच टाच, अंगठ्याची चप्पल आणि अनवाणी चालणं तिन्ही टाळावं. मागे पट्टा असलेली, आत मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे दुकानात ‘एमसीआर’ म्हणून मिळणारी चप्पल वापरावी, आणि रोज रात्री तळवे उजेडात, गरज पडल्यास आरसा धरून, पाहावेत. गरोदरपणात पाय सुजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या बाळंतपणानंतर पावलाची लांबी थोडी कायमची वाढू शकते, हे कमी जणींना माहीत असतं. जुना नंबर घट्ट व्हायला लागला तर वजनाला दोष देण्याआधी पाऊल मोजून घ्यावं.

मोजण्याचा विषय आपल्याकडे आधीच अडचणीचा आहे. भारतातले बूट वर्षानुवर्षं ब्रिटिश, युरोपीय किंवा अमेरिकी मापांवर बनत आले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मापं घेतली. भारतीय पाऊल सरासरी युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं. त्यावरून ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली. रुंद पायासाठी एक नंबर मोठा जोड घ्यायची आपली सवय त्या परक्या मापांमुळे आली आहे. सपाट बुटात ती कशीबशी चालून जाते. हीलमध्ये मात्र मोठा नंबर घातक, कारण पाय उतारावरून पुढे सरकतो, मागे टाच निसटते आणि बोटं पुढच्या टोकाला जाऊन चेंगरतात. हील घ्यायची तर घोट्याला किंवा पावलावर पट्टा असलेलीच घ्यावी.

माळ्यावर जपून ठेवलेल्या जोडांबद्दल एक सूचना. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही सडतो. मुंबईत, कोकणात दोन-तीन वर्षांपूर्वीचा लग्नातला जोड काढला की पहिल्या शंभर पावलांत तळाचे तुकडे पडायला लागतात. समारंभाच्या आदल्या दिवशी सोल दाबून, वाकवून पाहावा. बारीक टाचेचं खालचं रबर झिजलं की आतला लोखंडी खिळा उघडा पडतो, पायरीवर खटखट वाजतो आणि घसरतो. मोच्याकडे ते रबर दहा मिनिटांत बदलून मिळतं.

दुकानात संध्याकाळी जावं, तेव्हा पाय दिवसभराच्या चालण्याने भरलेले असतात. जाण्यापूर्वी घरी कागदावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवावी आणि तो कागद सोबत न्यावा. बुटाचा तळ त्यावर ठेवला आणि रेघ बाहेर आली तर तो जोड अरुंद आहे. दोन्ही पाय सारखे नसतात, माप मोठ्या पायाचं धरावं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात घेऊन वाकवावा. जिथे पाऊल वाकतं तिथे, म्हणजे चवड्यापाशी, वाकला तर बरा, मधोमध दुमडला तर परत ठेवावा. मग गालिच्यावरून उतरून दुकानातल्या उघड्या फरशीवर पाच मिनिटं चालावं. विक्रेता म्हणेल, ‘ताई, चार दिवसांत सैल होतो.’ चामडं रुंदीला थोडं सैल होतं हे खरं, रेक्झिन तेवढंही होत नाही. आणि लांबीला कुठलाच जोड वाढत नाही.